प्रार्थना : बायबलमधील शिकवण

देवाला उद्देशून केलेले बोलणे, मग ते स्तुतीचे असो, पापकबुलीचे असो, मागणीचे असो की तक्रारीचे, बायबलमध्ये प्रार्थना या एकाच सदरात येते. प्रार्थना कशी करावी हे सांगणारे सलग प्रकरण मात्र बायबलमध्ये नाही. जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्व भागातील) कथा आणि स्तोत्रे, आणि नव्या करारातील येशूचे डोंगरावरील प्रवचन, त्याचे दाखले आणि प्रेषितांची, म्हणजे त्याच्या पहिल्या प्रचारकांची, पत्रे यांत ही शिकवण विखुरलेली आहे. वेळ कोणती, अंग कसे ठेवावे, शब्द किती असावेत याविषयी हे ग्रंथ थोडेच सांगतात. आपण कोणाशी आणि कोणत्या मनाने बोलतो आहोत, यावर त्यांचा भर आहे. एकीकडे न थकता मागत राहण्याचा आग्रह आणि दुसरीकडे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे समर्पण, अशा दोन टोकांमध्ये ही शिकवण उभी आहे. बायबलने यांतले एकही टोक सोडलेले नाही.

जुन्या करारातील माणसे देवाशी धीटपणे बोलतात. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवापुढे उभा राहतो. तिथे ५० नीतिमान असतील तर नगर वाचवशील ना, असे विचारत विचारत तो १० पर्यंत खाली येतो (उत्पत्ती १८). लोकांनी सोन्याचे वासरू पूजले तेव्हा मोशे त्यांच्यासाठी देवाकडे रदबदली करतो (निर्गम ३२). या प्रसंगांत स्वतःसाठी मागणे नाही, दुसऱ्यासाठी मध्यस्थी आहे आणि ती करताना देवाशी वाद घालण्याची मुभाही आहे.

हन्नेची कथा (१ शमुवेल १) याहून वेगळी आणि अधिक जवळची आहे. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे ऐकणारी ही बाई शिलो येथील मंदिरात रडत प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. दाराशी बसलेल्या एली याजकाला ती दारू प्यालेली वाटते आणि तो तिला रागावतो. ती शांतपणे सांगते, की मी प्यालेली नाही, दुःखी आहे आणि परमेश्वरापुढे मन मोकळे करते आहे. पुढे यहुदी धर्मगुरूंनी प्रार्थनेचे काही नियम या प्रसंगावरूनच बसवले : प्रार्थनेत मन एकाग्र हवे, ओठांनी शब्द उच्चारावेत, आवाज चढवू नये. मंदिराचा याजक जिला ओळखू शकला नाही, तीच प्रार्थनेचा आदर्श ठरली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्तोत्रसंहिता हे बायबलमधले प्रार्थनेचे पुस्तक. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांत स्तुतीइतकाच आक्रोशही आहे. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ हा प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा येतो. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही संकलकांनी ते ठेवले. २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी आहे. देवाकडे केलेली तक्रार हा अविश्वास मानावा, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन स्तोत्रांपाशी थांबावे. तक्रारीसाठीही देवाकडेच जाणे हे या परंपरेत विश्वासाचेच रूप आहे.

येशू यहुदी प्रार्थनेच्या वातावरणात वाढला. ठरावीक वेळी प्रार्थना करण्याची चाल त्या समाजात होती. दानीएल यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून ३ वेळा गुडघे टेकत असे (दानीएल ६), तर पेत्र आणि योहान हे येशूचे शिष्य दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जाताना दिसतात (प्रेषितांची कृत्ये ३). येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाई (मार्क १). १२ शिष्य निवडण्यापूर्वी त्याने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक ६). लूकच्या शुभवर्तमानात शिष्य त्याला प्रार्थना करताना पाहतात आणि मगच म्हणतात, योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हालाही प्रार्थना करायला शिकव. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे तशी काही शिकवण होती, एवढे यावरून कळते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) हीच शिकवण डोंगरावरील प्रवचनात येते. तिथे आधी दोन इशारे आहेत. पहिला दिखाऊपणाबद्दल : लोकांनी पाहावे म्हणून सभास्थानांत आणि चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोला. दुसरा बडबडीबद्दल : फार बोलल्याने आपले ऐकले जाईल, असे समजू नका. तुम्हाला कशाची गरज आहे हे पित्याला तुम्ही मागण्याआधीच ठाऊक आहे. मग मागायचे तरी कशाला, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. येशू त्याचे तात्त्विक उत्तर देत नाही. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, ‘म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा’. मागणे म्हणजे देवाला माहिती पुरवणे नव्हे, एवढा अर्थ या क्रमावरून स्पष्ट होतो.

या इशाऱ्यांचे अर्थ पुढे फार ताणले गेले. दार लावून घेण्याच्या आज्ञेवरून सामूहिक प्रार्थनेला विरोध काढता येत नाही, कारण बंद खोलीत म्हणायला दिलेली प्रार्थनाच बहुवचनी आहे : ‘आमच्या’ पित्या, ‘आमची’ भाकर. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिसऱ्या शतकात या बहुवचनाकडे लक्ष वेधले होते. बडबडीच्या निषेधावरून पुनरुक्तीच त्याज्य ठरत नाही, कारण अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः तेच शब्द ३ वेळा बोलतो (मत्तय २६). निषेध आहे तो शब्दांच्या ढिगाने देवाला वाकवता येते या समजुतीचा.

येशूने शिकवलेली प्रार्थना मराठी ख्रिस्ती समाजात ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून ओळखली जाते. मत्तयाचा पाठ मोठा आहे, तर लूकचा (अध्याय ११) आटोपशीर. उपासनेत सर्वत्र मत्तयाचाच पाठ रुळला. पहिल्या भागात देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा आहे, माणसाची गरज त्यानंतर येते. हा क्रम शिकवणीचाच भाग आहे. आपल्या अडचणींची यादी घेऊन आलेल्या माणसाला तो आधी मान वर करायला लावतो. पण गरजेची पाळी येते तेव्हा पहिले मागणे पोटाचेच आहे, रोजच्या भाकरीचे. साठवणुकीचे नव्हे, आजचे. इस्राएल लोकांना रानात रोज मिळणारा आणि उद्यासाठी ठेवला तर किडणारा मान्ना हा देवाने दिलेला आहार (निर्गम १६) ऐकणाऱ्यांना इथे आठवला असणार. सामान्य कष्टकऱ्याच्या ताटाला या प्रार्थनेत इतकी मानाची जागा आहे, हे तिच्या आध्यात्मिक अर्थांच्या भरात विसरले जाऊ नये.

यानंतर क्षमेची मागणी येते आणि तिला अट आहे : आम्ही इतरांना सोडतो तसे तू आम्हाला सोड. मत्तयात प्रार्थना संपताच येशू फक्त याच मागणीवर पुन्हा बोलतो. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर पिताही तुम्हाला करणार नाही. शेवटी परीक्षेपासून आणि वाइटापासून सोडवण्याचे मागणे आहे. ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हा समारोप सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. तो उपासनेच्या वापरातून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि आजच्या अनेक भाषांतरांत तो कंसात किंवा तळटीपेत असतो. ‘दिदाखे’ या अगदी प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तकात याच्याशी मिळताजुळता समारोप आढळतो. ही प्रार्थना दिवसातून ३ वेळा म्हणावी, असेही तिथे सांगितले आहे. इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने या छोट्या प्रार्थनेत सबंध शुभवर्तमानाचे सार असल्याचे लिहिले.

मागण्याच्या चिकाटीवर येशूचे दोन दाखले आहेत आणि दोन्ही धक्कादायक आहेत. मध्यरात्री एक माणूस शेजारच्या मित्राचे दार ठोठावून ३ भाकरी मागतो. मुले झोपली आहेत, दार लावले आहे, असे म्हणत कुरकुरणारा मित्र अखेर त्याच्या आग्रहामुळे उठतो (लूक ११). दुसऱ्या दाखल्यात देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे एक विधवा न्याय मागत खेटे घालते आणि हिच्या कटकटीला कंटाळून तो निकाल देतो (लूक १८). देव आळशी मित्रासारखा किंवा भ्रष्ट न्यायाधीशासारखा आहे, असे येशूला म्हणायचे नाही. असली माणसेही शेवटी देतात, तर पिता किती अधिक देईल, असा हा युक्तिवाद आहे. तरीही विधवेचे पात्र सहज निवडलेले वाटत नाही. जिच्यामागे कोणी नाही, तिच्या रेट्याला येशूने प्रार्थनेचे नाव दिले. त्याच अध्यायात पुढे परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आणि जकातदार (लोकांना पापी वाटणारा करवसुली करणारा) येतात. आठवड्यातून दोनदा उपास करणारा परूशी आपली पुण्ये मोजतो, तर जकातदार दूर उभा राहून छाती बडवत फक्त दया मागतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो.

या आग्रहासमोर गेथशेमाने आहे. हा प्याला माझ्यापासून टळो, असे येशू मागतो, आणि लगेच म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून ३ वेळा विनवणी केली. उत्तर मिळाले ते एवढेच, की माझी कृपा तुला पुरे (२ करिंथ १२). त्यामुळे विश्वासाने मागाल ते मिळालेच आहे असे समजा, हे मार्क ११ मधले वचन सुटे काढून आजाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना तुमचा विश्वास कमी पडला असे सुनावणे, हा बायबलचा विपर्यास आहे. पौलाचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल? त्या वचनाला लागूनच, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, अशी आज्ञा आहे. तिचा उच्चार मात्र क्वचित होतो.

प्रार्थना आणि वागणूक यांची अशी गाठ बायबल सर्वत्र मारते. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, तुम्ही कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरले आहेत. पुढे उपाय सांगितला आहे तो न्याय करण्याचा आणि अनाथ-विधवांची बाजू घेण्याचा. वेदीवर अर्पण आणताना भावाशी असलेला बिघाड आठवला, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे येशू सांगतो (मत्तय ५). पेत्राच्या पहिल्या पत्रात पतींना बजावले आहे, की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. शत्रूंसाठी प्रार्थना करण्याची आज्ञाही याच ओळीतली. दगडमाराने मरताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन मारेकऱ्यांसाठीच विनवणी करतो.

येशूच्या ‘नावाने’ मागण्याचा उपदेश योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १४ ते १६) आहे. ख्रिस्ती प्रार्थना बहुधा याच शब्दांनी संपतात. हे नाव मंत्रासारखे चालत नाही. इफिस येथे काही मांत्रिकांनी ते तसे वापरून पाहिले आणि त्यांची फजिती झाली (प्रेषितांची कृत्ये १९). पौल रोमकरांस लिहिताना आणखी पुढे जातो : प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वचनीय कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. शब्द न सुचणाऱ्या माणसाला नव्या करारात यापेक्षा मोठा दिलासा नाही.

शरीराची ठेवण मोकळी आहे. बायबलमध्ये लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून आणि हात वर करून प्रार्थना करतात. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाचे पत्र सांगते. ‘निरंतर प्रार्थना करा’ ही पौलाची सूचना (१ थेस्सलनीका ५) मठवासी परंपरांनी विशेष मनावर घेतली. ‘येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर’ या आशयाची पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांतली अखंड जपाची प्रार्थना जकातदाराच्या शब्दांवरून घडली. कॅथलिकांच्या जपमाळेत मरियेला वंदन आहे, त्याचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातून घेतला आहे. संतांकडे मध्यस्थीची विनंती करावी की नाही, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद आहे. तो आजही मिटलेला नाही.

मराठीत ही शिकवण दोन वाटांनी आली. पहिली कॅथलिकांची. गोव्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले. गोव्यात तेर्स (जपमाळेचेच तिथले नाव) आणि वसईत जपमाळ ही संध्याकाळची घरगुती प्रार्थना बनली, तर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसईच्या चर्चमधल्या उपासनेत लॅटिनच्या जागी मराठी आली. दुसरी वाट प्रोटेस्टंट मिशनांची. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले. त्याच्या प्रभावक्षेत्रातील मंडळ्यांना पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि पदे दिली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण कमी शिकलेल्या बायकांना ते स्वतः वाचता यावे अशी त्यांची इच्छा होती. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रविवारच्या मराठी उपासनेत आज टिळकांची पदे पेटी-तबल्यावर गायली जातात आणि प्रभूची प्रार्थना सारी मंडळी एकसाथ म्हणते.