व्हिस्कीत फॅट नसतं, मग पोट का सुटतं?

गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की व्हिस्कीत ना साखर असते ना फॅट, म्हणून वजन कमी करायचं असेल तर बिअर सोडा आणि व्हिस्की घ्या. पहिला भाग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा, म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशोब. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे 60 मिलीच्या लार्ज पेगमधे जवळपास 20 ग्रॅम, आणि ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे एका पेगला 140. अख्खी क्वार्टर घेतली तर सव्वाचारशे.

पण कॅलरीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच जणांना वाटतं दारूचीच चरबी होते. 1999 साली अमेरिकेत आठ निरोगी पुरुषांना 24 ग्रॅम अल्कोहोल देऊन मोजलं, तर त्यातलं 5 टक्क्यांहून कमी चरबीत गेलं, मात्र अंगातली चरबी जळण्याचा वेग तब्बल 73 टक्क्यांनी खाली आला!

असं का होतं, ते मला फार आवडतं. साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. शेतात ऊस तोडून ठेवलाय, पण न्यायला रिकामी ट्रॉली पाहिजे. लिव्हरमधे ही ट्रॉली म्हणजे एनएडी नावाचा रेणू, बी-3 व्हिटॅमिनपासून बनणारा. कुठलंही इंधन जाळताना त्यातले हायड्रोजन हा उचलतो, मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत नेऊन रिकामे करतो आणि परत येतो. आता दारू साठवायची सोय शरीरात नाही आणि ती विषारी, त्यामुळे तिला पहिला नंबर. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होताना एक ट्रॉली भरते, त्याचं ॲसिटेट होताना दुसरी, आणि थोड्याच वेळात कारखान्याच्या यार्डात भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते, शेतावर रिकामी एकही नाही. चरबी जाळायलाही हीच ट्रॉली लागते, त्यामुळे चरबी तशीच पडून राहते. वर भरलेल्या ट्रॉल्यांच्या गर्दीमुळे, साखर तुटताना मधे बनणाऱ्या डायहायड्रॉक्सीॲसिटोन फॉस्फेटचं ग्लिसरॉल-3-फॉस्फेट जास्त बनतं आणि त्याला फॅटी ॲसिड जोडली की झालं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी तयार, फॅटी लिव्हरची सुरुवात अशीच होते. शिवाय बाहेर पडलेलं ॲसिटेट स्नायू आणि हृदय आयतं इंधन म्हणून जाळतात, मग त्यांनाही चरबीची गरज पडत नाही.

लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल संपवतं. म्हणजे क्वार्टरला सहा ते नऊ तास, आणि तेवढा वेळ चकण्यातल्या तळलेल्या शेंगदाण्यांचं, चिकन लॉलीपॉपचं तेल जळायचं सोडून साठायला जातं. बिअर असो की व्हिस्की, ट्रॉल्या त्याच अडतात.

ह्याच ट्रॉल्यांअभावी लिव्हरला नवीन ग्लुकोज बनवणंही जड जातं. लहान बाळाला सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी पाजायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे, कळकळीने सांगतो, हे बंद करा, बाळाकडे साखरेचा साठा अगदी थोडा असतो आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ब्रँडीने ऊब येते हेही खरं नाही, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता उलट बाहेर निघून जाते.

चेहरा लाल होतो तोही असाच. लघवी रोखून धरणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन दारूने दबतं, म्हणून रात्रभर पाणी जातं, सकाळी ओठ सुकलेले आणि खारट चकण्याच्या मिठाने डोळ्यांखाली मात्र सूज. रेड वाइनने स्किन ग्लो करते हा नुसता प्रचार आहे, द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचं नाव घेतात ते ग्लासात जेमतेम मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी असतं, प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम देतात.

वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर खराब झालं की इस्ट्रोजेन हार्मोनचा निचरा नीट होत नाही आणि छातीवर, गळ्यावर कोळ्यासारखे लाल डाग उठतात. एखाददुसरा डाग निरोगी माणसालाही असतो, गरोदरपणातही येतो, पण बरेच दिसले तर डॉक्टर लिव्हरची तपासणी सांगतात. मधल्या टिंबावर बोट दाबलं की सगळा डाग फिका पडतो आणि सोडलं की मधून बाहेर, कोळ्याच्या एकेका पायात परत रक्त भरत जाताना दिसतं.