डोंगराला सपाट करणारी चौकट

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पाचगणी सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर, पण पाऊस जेमतेम एक तृतीयांश. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही खाली. एसटीने तास-सव्वा तासाचा रस्ता, आणि तेवढ्यात छत्री मिटून टोपी घालायची वेळ येते.

आता हे कॉम्प्युटरला सांगायचं कसं? पडलेला पाऊस किती मुरेल, किती वाहील आणि पूर कधी येईल, याचा कॉम्प्युटरवर मांडलेला हिशेब म्हणजे मॉडेल. त्यासाठी नकाशा सारख्या चौकोनांत, म्हणजे चौकटींत, कापतात आणि प्रत्येक चौकटीला एकेक आकडा देतात. हवामान खात्याची 1901 पासूनची रोजच्या पावसाची चौकटीवार आकडेवारी आपल्याकडचे अभ्यासक सर्रास वापरतात. तिच्यातली एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण 27 किलोमीटर लांब-रुंद. महाबळेश्वर आणि पाचगणी तिच्या पोटात आरामात मावतात, पण चौकटीला दिवसाचा आकडा मिळतो एकच.

सरासरी बरोबर असली म्हणजे झालं, असं वाटेल. तसं होत नाही, आणि ते कागद-पेन्सिलने दाखवता येतं. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने 1950 च्या दशकात ‘कर्व्ह नंबर’ नावाचं सूत्र बसवलं. पडलेल्या पावसातलं किती मुरेल आणि किती वाहून जाईल, हे ते सांगतं. नंबर जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं. समजा, एका पाणलोटाचा कर्व्ह नंबर 80 आहे. दिवसभरात त्याच्या निम्म्या भागात 180 मिलिमीटर पाऊस झाला, उरलेल्या निम्म्यात 20. सूत्राप्रमाणे पहिल्या भागातून 121 मिलिमीटर पाणी वाहून जातं, दुसऱ्यातून पाऊण मिलिमीटर. दोन्हींची सरासरी 61. आता उलट करा. आधी पावसाचीच सरासरी काढा, ती येते 100, आणि ती सूत्रात घाला. उत्तर येतं 50.5. पाऊस तेवढाच, जमीन तीच, सूत्रही तेच, आणि साडेदहा मिलिमीटर पाणी गायब! पाणलोट 100 चौरस किलोमीटरचा असेल तर हे पाणी भरतं 105 कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचं तर लाखाहून जास्त टँकर.

कारण साधं आहे. जमीन आधी आपली तहान भागवते, मग पाणी सोडते. 20 मिलिमीटर ती जवळपास सगळे पिऊन टाकते. 180 मधले बहुतेक तिला नकोच असतात. सरासरी काढली की भरल्या पोटाच्या जमिनीचं जादा पाणी आपण कागदावर तहानलेल्या जमिनीला पाजतो.

पावसाचं झालं ते उंचीचंही होतं. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली पाहा: कडा सरळ सावित्रीच्या खोऱ्यात कोसळतो. पाठीमागे कृष्णा उगवते आणि बंगालच्या उपसागराकडे निघते. सावित्री अरबी समुद्राकडे. या दोघींचा पाणलोट वेगळा करणारी धार काही ठिकाणी अगदी अरुंद आहे. समजा, 5 किलोमीटरच्या दोन शेजारच्या चौकटी घेतल्या आणि त्यांची सरासरी उंची 1200 आणि 500 मीटर आली. मॉडेलला दिसणारा उतार आठ अंशांचा! कडा गेला, तिथे सायकल चालवण्याजोगी टेकडी आली. पाणी संथ झालं, पूर उशिरा आणि बुटका आला. शिवाय धारच पुसट झाल्यावर कोकणात जायचं थोडं पाणी देशावर वळलं तर कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नाही.

मग चौकट बारीक करू या, हा पुढचा विचार. खर्च मोठा, पण तो परवडेलही. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि वाहत्या पाण्याच्या बऱ्याच मॉडेलांत हिशेबाची वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. खरी अडचण मात्र मशीनची नाही, मातीची आहे.

जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं हे मोजायला शेतात लोखंडी कडं ठोकतात, हात-दीड हात व्यासाचं, आणि आत पाणी ओतून पातळी किती उतरते ते घड्याळ लावून बघतात. मे महिन्यातल्या काळ्या रानात हे करून पाहा. कडं भेगेवर बसलं तर पाणी ओतता ओतता नाहीसं होतं. दोन हात सरकून ढेकळावर बसवलं तर घड्याळाकडे बघत बसावं लागतं. जुलैत माती फुगून भेगा मिटल्या की आकडा आणखी तिसराच. यातला कोणता आकडा एक किलोमीटरच्या चौकटीला द्यायचा? कोणताच नाही. किलोमीटरभर रानाचं मुरणं हा मोजलेला आकडा नसून जुळवलेला आकडा असतो. नदीवर मोजलेल्या पाण्याशी उत्तर जुळेपर्यंत तो वर-खाली करतात. म्हणूनच चौकट बदलली की तो नव्याने जुळवावा लागतो, आणि असे जुळवायचे आकडे पंधरावीस असतील तर चुका एकमेकींना झाकून टाकतात. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी अनेक वर्षं हेच ठासून मांडलं: अगदी वेगवेगळ्या आकड्यांचे संच नदीच्या त्याच मोजमापाशी सारखेच छान जुळू शकतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मोजलेल्या पाण्याशी जुळलेलं मॉडेल वरच्या एखाद्या गावच्या ओढ्याबद्दल साफ चुकीचं असू शकतं, आणि पुलावर त्याचा पत्ताही लागत नाही.

गावोगावच्या पाणलोट कामांबद्दलचे वाद यातूनच येतात, असं मला वाटतं. नालाबंडिंगने, म्हणजे ओढ्याला बांध घातल्याने, शेजारच्या विहिरीचं पाणी वाढलं हे शेतकऱ्याला दोरीच्या लांबीवरून कळतं. तोच बांध नदीखोऱ्याच्या मॉडेलमध्ये टिंबाएवढाही नसतो. दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. बघताहेत वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी.

पुराच्या नकाशांत तर हे फारच टोचतं. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवसांत रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. अनेक वर्षं आपल्याला त्यातली 90 मीटरची चौकट मिळत होती, पुढे 30 ची मिळू लागली. रडारला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरंही जमीनच वाटतात. सांगलीकडे फेब्रुवारीत उभा असलेला ऊसही थोडाफार त्यात आला असेल. या मोहिमेने उंचीच्या अचूकतेसाठी ठेवलेली मर्यादा होती 16 मीटर. नकाशा प्रत्यक्षात त्याहून बराच चांगला निघाला, तरी चूक मीटरांतच राहिली. आयर्विन पुलावर इशारा पातळी 40 फुटांची आहे, धोका पातळी 45 ची. मधलं अंतर दीड मीटर.