इंग्रजांच्या लोखंडालाही गंज चढतो

इंग्रजांच्या काळातल्या शकुंतला रेल्वेचा किंवा जुन्या लोखंडी पुलांचा विषय वऱ्हाडात निघाला की कोणीतरी म्हणतोच, "इंग्रजाइचं लोखंड हाये ते, त्याले जंग नाही लागत." लागतो, चांगला लागतो. १८८९ चा आयफेल टॉवर घडीव लोखंडाचाच आहे आणि त्याला साधारण दर सात वर्षांनी ६० टन रंग फासावा लागतो. दुसरी लाडकी कथा म्हणजे पायात नरबळी दिला म्हणून पूल टिकला. बळी गेलेच असतील तर ते हिवतापाने, मजुरांचे. त्याने पूल टिकत नाही.

टिकतो तो कैचीमुळे, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या लोखंडी दांड्यांच्या सांगाड्यामुळे (ट्रस). चौकोनी सांगाडा ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. गाडीचं वजन दांड्यांमध्ये ताण किंवा दाब होऊन उतरतं. हे शाळेत झालंय. खरी गंमत सांध्यांत आहे, म्हणजे लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडणाऱ्या जाड खिळ्यात, रिवेटमध्ये.

रिवेट भट्टीत सुमारे हजार अंशांपर्यंत लालभडक तापवून भोकात घालायचा आणि दुसऱ्या टोकाला ठोकून डोकं बनवायचं. निवताना पाच सेंटिमीटरचा रिवेट जवळपास ०.६ मिलिमीटर आखडू पाहतो, पण मधल्या पट्ट्या त्याला आखडू देत नाहीत. गरम, मऊ असेपर्यंत तो मुकाट्याने ताणला जातो. शेवटच्या शंभरेक अंशांत मात्र कडक झालेला रिवेट पट्ट्यांना अशी मिठी मारतो, की त्याच्यातला ताण लोखंडाच्या सोसण्याच्या हद्दीपर्यंत जातो. रोजच्या गाड्यांचा भार मग बराचसा पट्ट्यांमधलं घर्षणच पेलतं, रिवेटच्या दांड्यावर कमी येतो.

ही मिठी सुटते कशी? दोन पट्ट्यांच्या फटीत पावसाळ्यात पाणी शिरतं. वर पाचोळा, माती, कबुतरांची घाण साचलेली असली की उन्हाळा लागेपर्यंत ओल हटत नाही. गंज मूळ लोखंडाच्या कैक पट जागा व्यापतो आणि पट्ट्यांना आतून फाकवतो. सैल रिवेट ओळखायला सोपा : डोक्याखालून तांबूस ओघळ आलेला दिसतो. एका बाजूला बोट ठेवून दुसरीकडून हातोडी मारली तर तो बोटाखाली हलतो.

म्हणून जतन म्हणजे दर्शनी भागाला चंदेरी रंग आणि सेल्फी पॉइंट नव्हे. आधी सांधे खरवडा, पाणी वाहून जाईल अशी वाट करा, फटी बुजवा, मग रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग. सैल रिवेट काढून तिथे जास्त ताकदीचे बोल्ट घट्ट आवळतात, तेही चालतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याला मात्र बोलावू नका. घडीव लोखंडात मळीचे (लोखंड बनवताना आत राहिलेल्या काचेसारख्या मळाचे, स्लॅगचे) बारीक धागे असतात, आणि वेल्डिंगच्या ताणाने ते थरांसारखं उकलू शकतं.