बॉयकॉट

निषेध म्हणून एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी किंवा देशाशी ठरवून व्यवहार तोडणे, या अर्थाचा इंग्रजी शब्द. तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे चालतो. मुळात मात्र ते आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–९७) हा माजी इंग्रज लष्करी अधिकारी पाहत असे. नापिकीमुळे १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, ती नाकारली गेली आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याची कारवाई सुरू केली. त्याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस येथील सभेत आयरिश नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांनी, बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला ठार न मारता रस्त्यात, दुकानात, बाजारात, इतकेच काय प्रार्थनास्थळीही एकटे पाडावे, असे सांगितले होते. लोकांनी हा उपाय बॉयकॉटवरच चालवला. मजूर आणि घरगडी निघून गेले, जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदारांनी माल देणे बंद केले. अखेर शेतातले पीक काढायला उत्तरेकडून सुमारे ५० स्वयंसेवक आणि त्यांच्या रक्षणाला मोठे सैन्य आणावे लागले. जेमतेम ५०० पौंडांच्या पिकापायी सुमारे १०,००० पौंड खर्ची पडले, असे सांगतात. डिसेंबरमध्ये बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. 'ऑस्ट्रसिझम' (एखाद्याला समाजातून वेगळे पाडणे) हा जड शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी हे आडनाव सुचवले, अशी हकिकत अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदवली आहे. फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांनीही तो शब्द लगोलग उचलला.

बॉयकॉट हा लोकांनी स्वेच्छेने करायचा असतो. सरकारने हुकूम काढून व्यापार थांबवला तर त्याला इंग्रजीत 'एम्बार्गो' म्हणतात. काम बंद ठेवणे म्हणजे संप, त्यालाही हा शब्द लागू पडत नाही.

भारतात ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाऊन हॉलमधील सभेत विलायती मालाविरुद्ध बॉयकॉटचा ठराव झाला आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत तो 'बहिष्कार' या नावाने आला. इंग्रजीत या क्रियापदाला थेट कर्म लागते, मराठीत मात्र बहिष्कार कशावर तरी 'टाकावा' किंवा 'घालावा' लागतो : मतदानावर, परीक्षेच्या कामावर, अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्र्यांनी ठेवलेल्या चहापानावर. बोलताना 'बॉयकॉट केला' असेही सर्रास म्हटले जाते. तरीही दोन्ही शब्दांचे वजन सारखे नाही. इंग्रजी शब्द दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध उगारलेल्या हत्यारातून जन्मला, तर मराठीतला बहिष्कार त्याआधीपासून जातपंचायतीच्या आणि धर्मसत्तेच्या हाती होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे 'बहिष्कृत भारत' हे नाव त्या दुसऱ्या अर्थाचे आहे. त्यामुळे एखाद्या कुटुंबाशी गावाने रोटीबेटी व्यवहार तोडला, तर तिथे नुसते 'बॉयकॉट' न म्हणता 'वाळीत टाकणे' किंवा 'सामाजिक बहिष्कार' म्हणणे अधिक नेमके ठरते. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानुसार, जो जुलै २०१७ पासून लागू झाला, असा सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे.