बोरीबंदर-ठाण्याच्या पुढचा धडा

भारतातल्या रेल्वेचा धडा बहुतेक वर्गांत १६ एप्रिल १८५३ ला सुरू होतो आणि तिथेच आटपतो. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे. सनावळी पाठ होते. हे रूळ कोणाला हवे होते, ते राहून जातं.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने त्याच वर्षीच्या आपल्या टिपणात ते लपवलेलं नाही. फौज झटपट हलावी, कापूस बंदरावर यावा, विलायती माल आतपर्यंत पोचावा. भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, त्यावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारची, आणि कमी पडलं तर भर भारताच्या महसुलातून! घाटा होण्याची भीती नसल्यावर काटकसर कोण करणार?

कापसाचा खरा अडसर सह्याद्री होता. त्यामुळे शिकवायचाच तर बोरघाट शिकवावा. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी वर चढली. २५ बोगदे, आणि एका जागी वळायला वावच नाही, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन: गाडी कड्याशी येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग उलट तोंडाने पुढची चढण. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलं की सगळं ध्यानात येतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव निदान सापडतं. पटकी आणि सुरुंगांनी गेलेल्या हजारो मजुरांची नावं कोणी टिपलीच नाहीत.

घाट खुला झाला तेव्हा अमेरिकेत यादवी पेटलेली होती, तिथला कापूस अडला होता आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात याच रुळांवरून धान्य आत आलं, तसं बंदरांकडेही गेलं.

घड्याळंसुद्धा रुळांनीच बदलली. गावोगावची वेळ वेगळी, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबई मात्र आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून बसली होती.