सावर उशीत, कापूस दुलईत

हिवाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या गादीवाल्यांकडे एक मागणी हमखास येते. दुलई करायची आहे, पण साधा कापूस नको, सावरीचा, म्हणजे काटेसावरीच्या झाडाच्या शेंगेतला, घाला. सावर मऊ, सावर हलकी, सावर आपल्या डोंगरातली. मग कापूस पिंजणारे नदाफचाचा समजावत बसतात.

"दुलईला न्हवं ओ वहिनी, उशीला घाला सावर. दुलईत ऱ्हात न्हाई ती."

"उशीत ऱ्हाती आन् दुलईत ऱ्हात न्हाई, आसं कसं ओ चाचा?"

वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन्ही पांढरट, दोन्ही मऊ, दोन्ही कापूसच. पण या दोन कापसांची घडण अगदी वेगळी आहे, आणि दुलई टिकणार की दोन हिवाळ्यांत तिचं बोचकं होणार, हे या फरकावरच ठरतं.

शेतातला कापूस बीवर उगवतो. बोंडातल्या सरकीच्या सालीतूनच एकेक तंतू बाहेर वाढतो. बोंड फुटून तंतू वाळला की तो चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळामुळे एक तंतू दुसऱ्यात अडकतो. म्हणून कापसाचं सूत निघतं, आणि म्हणूनच पिंजलेल्या कापसाचा थर उचलला तर तो चादरीसारखा अखंड उचलला जातो.

सावरीचं उलटं आहे. काटेसावरीला फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं येतात आणि उन्हाळ्यात शेंगा पिकतात. तिचे तंतू बीवर उगवत नाहीत, शेंगेच्या आतल्या भिंतीवर उगवतात. काळ्या गुळगुळीत बिया त्यात नुसत्या पडून असतात. तंतू आतून पोकळ, भिंत अतिशय पातळ आणि वरून मेणाचा लेप. त्याला पीळ नाही, त्यामुळे पकडही नाही. पोकळ असल्याने त्यात भरपूर हवा मावते, म्हणून सावर इतकी हलकी आणि ऊबदार लागते. मेणामुळे ती पाणी धरत नाही, आणि याच गुणावर तिची बहीण पांढरी सावर एके काळी बोटीवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरली जायची. मऊपणा खरा, ऊब खरी. पण एक तंतू दुसऱ्याला धरत नाही, आणि दुलईत नेमकं ते धरणंच लागतं.

उशी ही बंद पिशवी आहे. भरण आत कुठेही सरकलं तरी पिशवीतच राहतं, डोकं ठेवलं की दबतं, हाताने चोळलं की पुन्हा फुगतं. दुलई म्हणजे पातळ पसरलेला थर, आणि तो जागेवर ठेवायला फक्त टाके. रात्री कूस बदलली, सकाळी घडी घातली, पोरांनी ओढली, की सावर टाक्यांमधल्या जागेतून घसरत कडेला जाते. दोन हिवाळ्यांत छातीवर नुसतं कापड उरतं आणि पायाशी गठ्ठा.

आता ओळखायचं कसं? अनेक जण पाण्यात टाकून बघायला सांगतात: तरंगली तर सावर, बुडाला तर कापूस. ही परीक्षा फसवी आहे. न धुतलेल्या कच्च्या कापसावरही निसर्गतः मेणाचा थर असतो, त्यामुळे तोही बराच वेळ तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस लगेच बुडतो, कारण त्याचं मेण आधीच काढून टाकलेलं असतं. माझा भरवसा वातीवर आहे. चिमूटभर कापूस घ्या आणि देवापुढच्या समईला वळतो तशी तळहातावर वात वळा. शेतातला कापूस दोन-तीन वळशांत घट्ट होतो आणि टोकं धरून हलकेच ओढली तरी तुटत नाही. सावर बोटांतून निसटते, वळली तरी सैल पडते, ओढली की आवाज न करता दोन भाग होतात. दुसरी खूण चकाकीची: पुंजका उजेडात धरला तर सावर रेशमासारखी लकाकते आणि तिचा रंग किंचित पिवळसर-तपकिरी असतो, कापूस मात्र निस्तेज पांढरा. तिसरी खूण बी. पुंजका झटकला आणि गुळगुळीत काळी बी टपकन पडली तर ती सावर. सरकी मोठी असते, तिच्या अंगाला तंतू चिकटलेले असतात, ती अशी सुटी पडत नाही.

दुकानात आणखी एक पांढरं भरण असतं, ज्याला सगळे 'फायबर' म्हणतात. ते पॉलिस्टर. एक तंतू चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. कापूस कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. फायबरची दुलई धुवायला सोपी असते, पण माझ्या घरात मी ती घालणार नाही, तिच्यात घाम कोंडतो.

कोल्हापूर जिल्हा उसाचा, इथे कापूस नावालाच पिकतो. तो विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आणि पलीकडून कर्नाटकातून येतो. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडच्या डोंगरात सावर मात्र घराच्या मागे उभी असते, म्हणून तिच्यावर माया जास्त. दुलईसाठी कापूस घेताना लांब धाग्याचा तलम कापूस मागण्याची गरज नाही. तो सूतगिरणीच्या कामाचा. आखूड, जाडसर धाग्याचा देशी कापूस भरणाला जास्त चांगला, कारण तो दाबला तरी परत उभा राहतो. पण 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर शेतं संकरित लांब धाग्याने भरली, आणि देशी कापूस आता शोधावा लागतो. सूतगिरणीतून निघालेला आखूड धाग्याचा कापूस इचलकरंजीच्या बाजूला सहज मिळतो. तो स्वच्छ असेल तर दुलईला चालतो. राखाडी दिसला आणि आत रंगीत दोऱ्यांचे तुकडे सापडले, तर मात्र चिंध्या फाडून केलेला माल आहे असं समजा. त्याची धूळ वर्षभर नाकात जाते.

एका माणसाच्या दुलईला साधारण दीड ते दोन किलो कापूस पुरतो. कोल्हापूरच्या थंडीला त्याहून जास्त भरू नका, अंगावर ओझं होतं आणि ऊब काही वाढत नाही. ऊब कापसाच्या वजनात नसते, तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून पिंजणं महत्त्वाचं.

पिंजायच्या आधी कापूस चटईवर पसरून दिवसभर कडक ऊन द्या आणि हाताने निवडा: पाल्याचा चुरा, सरकीचे तुकडे, पिवळी पडलेली कवडी, म्हणजे नीट न फुललेला किडका कापूस. ही कवडी मशीनमधून पिंजून निघाली तरी गाठीच राहते, आणि ती गाठ दुलईत बोटाला लागते. पूर्वी पिंजणाच्या धनुकलीला ताणलेल्या तातीचा टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा, आता बहुतेक काम मशीनवर होतं. मशीनवर पिंजायला हरकत नाही, फक्त दोनदा फिरवायला सांगा. नीट पिंजलेला कापूस हातात घेऊन खिडकीसमोर धरला तर त्यात गडद ठिपके दिसत नाहीत, सगळीकडून सारखा उजेड येतो.

सावर मात्र पिंजायची नाही. तंतू ठिसूळ असतात, तातीखाली किंवा मशीनमध्ये त्यांचा भुगा होतो. शेंगा पूर्ण फुटायच्या आत उतरवायच्या, नाहीतर अर्धा कापूस वाऱ्यावर जातो. ऊन द्यायचं ते जुन्या मच्छरदाणीखाली. मग नाकाला फडकं बांधून हाताने मोकळी करायची आणि बिया खाली झटकायच्या. या बियांत तेल असतं, राहिल्या तर किडे आणि उंदीर येतात. उशीचं आतलं कापड घट्ट विणीचं हवं, सैल विणीतून सावर बाहेर डोकावते.

दुलईच्या कापडाला इचलकरंजीचं पॉपलीन छान. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरा. नवं कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर कापूस चुरगळतो. कापूस एका जाड थरात पसरू नका. दोन पातळ थर करा, एक लांबीच्या दिशेने, दुसरा रुंदीच्या. असे आडवे-उभे तंतू एकमेकांत जास्त धरतात. काठाला हात जरा सढळ ठेवा, तिथला कापूस आधी उतरतो. वरचं कापड घालून काठीने हलकेच थोपटा, मग कच्चे टाके घालून धावदोरा मधून सुरू करून कडेकडे न्या. दोन ओळींत चार बोटांहून जास्त अंतर नको. वाकळीइतकी, म्हणजे गोधडीइतकी, दाट शिलाई लागत नाही, पण टाके विरळ ठेवले तर कापूससुद्धा सरकतो, सावरीची गोष्टच सोडा.

वाकळीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपली रीत, पंचगंगेच्या घाटावर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. वाकळ त्या धोपटण्याला पुरते, कारण तिच्यात जुन्या लुगड्यांचे थर असतात, सुटं भरण नसतं. कापसाच्या दुलईचं तसं करू नका. भिजलेला कापूस जड होतो, थरातून सुटतो आणि त्याचे गोळे बनतात, ते कितीही वाळवले तरी मोडत नाहीत. दुलईला सुती खोळ शिवा आणि खोळ धुवा. डाग पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसून लगेच उन्हात टाका.

ऊन हेच दुलईचं खरं औषध. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन्ही बाजूंनी तापवा, सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मग घडी घाला. गरम दुलई प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर आत ओल धरते, आणि गगनबावड्याकडच्या पावसात त्याला बुरशीचा वास यायला वेळ लागत नाही. जुन्या सुती साडीत गुंडाळा, आत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, वर गाद्यांचा ढीग रचू नका.

सावरीच्या उशीचं वेगळं दुखणं आहे तेल. पाणी झिडकारणारी सावर तेल मात्र झपाट्याने शोषून घेते. रोज खोबरेल लावून झोपणाऱ्या घरात एका अभ्र्याच्या उशीचा मधला भाग वर्षभरात चिकट होतो, आणि तो कापूस पुन्हा मोकळा होत नाही. जाड आतलं कव्हर आणि वर अभ्रा, असे दोन थर ठेवा, अभ्रा आठवड्याला बदला. पंधरा दिवसांतून एकदा उशी उन्हात ठेवून बाहेरूनच चोळली की ती ताजी फुगते. सावर पटकन पेटते, म्हणून उशी उदबत्ती आणि चुलीपासून लांबच बरी.

दुलई चार-पाच वर्षांनी चपटी पडली तर फेकू नका. टाके उसवून कापूस काढा, ऊन द्या आणि पुन्हा पिंजून घ्या. थोडी घट येते, तेवढा नवा कापूस त्यात मिसळायला सांगा, वेगळा थर करू देऊ नका. सावरीचा भुगा झाला असेल तर ही सोय नाही, ती बदलावीच लागते. पिंजायला देताना कापूस समोर तोलून द्या आणि परत घेताना चिमूटभर घेऊन वात वळून बघा.