बॅग आली नाही, की बॅग हरवली?

पट्टा फिरत राहतो. आपल्या विमानातली माणसं एकेक करून बॅगा उचलून निघून जातात, कुणाची तरी बाबागाडी दोनदा गोल फिरते आणि पट्टा थांबतो. त्या क्षणी प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं: 'बॅग हरवली!'

बहुतेक वेळा ती हरवलेली नसते, मागे राहिलेली असते. विमान बदलायचं असतं, मधे वेळ कमी असतो; आपण धावत गेट गाठतो, बॅगेला ते जमत नाही. मग ती पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या विमानाने येते. आपल्या लेखी दोन्ही सारखंच, कारण हात रिकामेच. नियमांच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैशांच्या बाबतीत तर फारच वेगळ्या.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी 1999चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचे नियम. या करारानुसार बॅग 'हरवली' असं दोनच परिस्थितींत धरतात: कंपनीने स्वतः तसं कबूल केलं, किंवा बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून 21 दिवस उलटले. तोवर ती फक्त 'उशिरा येणारी' बॅग.

सुरुवात दोन्हींची एकच. विमानतळ सोडण्याआधी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, नोंदवायचा. उद्या फोन करू म्हणून हॉटेलवर जाऊ नये. तिथे बोर्डिंग पासबरोबर मिळालेली टॅगची चिठ्ठी लागते, जी आपण बहुधा चुरगाळून टाकलेली असते. तिच्यावरच्या दहा आकडी नंबरानेच बॅगेचा शोध सुरू होतो. मग समोर बॅगांच्या चित्रांचा तक्ता येतो: चाकं आहेत का, कडक की मऊ, रंग कोणता. मी मोठ्या आत्मविश्वासाने 'काळी' म्हणालो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून निघताना बॅगेचा फोटो काढतो, उघडी आणि बंद, दोन्ही.

यापुढे वाटा फुटतात. बॅग खरंच हरवली, तर आतल्या वस्तूंची यादी करून अख्ख्या बॅगेची भरपाई मागायची. इथे कंपनीला निसटायला फारशी जागा नसते. पण रकमेला मर्यादा आहे: डिसेंबर 2024च्या अखेरीपासून 1,519 एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. त्याचा भाव रोज ठरतो. ही मर्यादा दर प्रवाशाला आहे, दर बॅगेला नाही, त्यामुळे तीन बॅगा नेल्या म्हणून ती तिप्पट होत नाही. सामान त्याहून महाग असेल, तर चेक-इनच्या वेळीच तसं जाहीर करून जादा पैसे भरता येतात. (दागिने आणि लॅपटॉप मुळात त्या बॅगेत नकोतच.) कोर्टात जायची वेळ आली, तर हातात दोन वर्षं असतात.

उशिरा येणाऱ्या बॅगेत वस्तूंची किंमत मागता येत नाही, कारण वस्तू तुमच्याच आहेत आणि येणार आहेत. मागायचा तो मधल्या दिवसांचा खर्च: ब्रश, आतले कपडे, चार्जर, आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत असेल तर एक धड शर्ट. पावत्या जपायच्या. मर्यादा तीच 1,519 एसडीआरची, पण इथे कंपनीला एक पळवाट आहे: उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं हे तिने सिद्ध केलं, तर तिची जबाबदारी सुटते.

खरा घोळ होतो तो 21 या आकड्याने, कारण तो दोन ठिकाणी येतो. पहिले 21 दिवस बॅग हरवली असं ठरायला लागतात. दुसरे 21 सुरू होतात बॅग हातात पडल्यावर. उशिराची लेखी तक्रार तेवढ्यात पाठवावी लागते. बॅग मोडून आली असेल, तर सातच दिवस. आणि पीआयआर केला म्हणजे तक्रार झाली, असं समजू नये. खर्चाची मागणी पावत्यांसकट वेगळी पाठवावी.

माझी काळी बॅग तिसऱ्या दिवशी आली. हॉटेलच्या खालच्या मजल्यावर तिला पाहून इतका आनंद झाला की तक्रार वगैरे डोक्यातच राहिलं नाही. महिन्याभराने पँट धुवायला टाकताना खिशातून दोन पावत्या निघाल्या, शर्टाची आणि ब्रशची. तरीही मेल केला. उत्तर त्याच दिवशी आलं, अतिशय नम्र, एका ओळीचं.